आळशी बोका आणि इतर कर्मचारी

हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात दिवसाला सरासरी बावीस छत्र्या, नऊ पिशव्या, चौदा एकेकटे हातमोजे आणि एक दातांची कवळी जमा होते. छत्री न्यायला आलेला माणूस दहा मिनिटं छत्रीचं वर्णन करतो आणि शेवटी दुसऱ्याचीच घेऊन जातो. कवळी न्यायला आलेला माणूस तोंडावर हात ठेवून नुसता उभा राहतो, आणि त्याला काय हवंय हे न सांगता सगळ्यांना कळतं.

या कार्यालयात अकरा माणसं आणि अकरा संगणक होते. संगणकांची देखभाल करणाऱ्या तरुणाला सगळे ‘खटका’ म्हणत. कुठल्याही यंत्राचं काहीही बिघडलं तरी तो एकच उपचार सांगायचा: खटका बंद करा, दहा मोजा, खटका चालू करा. दहापैकी नऊ वेळा एवढ्यानं भागायचं. दहाव्या वेळी तो वीस मोजायला सांगायचा.

खटका एका वर्षाच्या उमेदवारीवर होता आणि वर्ष संपायला पाच आठवडे उरले होते. कायम झाला तर उत्तम. नाही झाला तर गादी.

गादीचं प्रकरण असं होतं. खटका ताईकडे राहायचा आणि ताईच्या नवऱ्याचं, म्हणजे भाऊजींचं, गाद्यांचं दुकान होतं. दुकानाला रस्त्याच्या बाजूनं मोठी काच होती. काचेच्या आत एक गादी मांडलेली असे आणि तिच्यावर दिवसभर एक माणूस झोपलेला असे. येणारे-जाणारे थांबून बघत, जांभया देत आणि आत येऊन भाव विचारत. पण दिवसभर झोपून झोपून त्या माणसाची रात्रीची झोप उडाली आणि शेवटी त्यानं एका कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी म्हणून नोकरी धरली. तेव्हापासून जागा रिकामी होती.

“मेहुणे, पडून राहायचं काम आहे,” भाऊजी रोज जेवताना म्हणत. “लोक जन्मभर तरसतात अशा कामाला.”

“पण काचेच्या आड, भाऊजी?”

“मग काय भिंतीच्या आड? दिसायला नको लोकांना?”

“माझ्याबरोबर वर्गात होती ती मुलं त्याच रस्त्यानं जातात.”

“मग तोंड भिंतीकडे कर. पाठीवर काय नाव लिहिलंय?”

भाऊजी वाईट नव्हते. त्यांनी खटक्याच्या मापाचा पायजमासुद्धा आणून ठेवला होता, पट्ट्यापट्ट्यांचा. तो कपाटात घडी घालून वाट बघत होता. आणि खटका रोज सकाळी कपाट उघडून शर्ट काढताना त्याच्याकडे न बघता बघायचा.

आता कायम होण्यात अडचण काय होती? अडचण काहीच नव्हती. कार्यालयात नवीन टॅगयंत्र आलं, तिथून सगळं सुरू झालं.

टॅगयंत्र म्हणजे प्रत्येक हरवलेल्या वस्तूला बांधायची पट्टी छापणारं यंत्र. जुनं यंत्र फक्त तारीख आणि क्रमांक छापायचं. नवं यंत्र हुशार होतं. ज्या संगणकावर नोंद झाली त्याचं नावसुद्धा ते ठळक अक्षरांत छापायचं. आणि संगणकांची नावं खटक्याच्या आधीच्या तंत्रज्ञानं खुर्चीप्रमाणे ठेवली होती: साहेब, तांत्रिक, गोदाम, खिडकी-१ ते खिडकी-६, आणि मुख्य-१ व मुख्य-२.

मुख्य-१ वर पेटीकाका बसत. त्यांच्याकडे बॅगा, पेट्या आणि पिशव्यांचा विभाग. मुख्य-२ वर छत्रीबाई बसत. त्यांच्याकडे छत्र्या, टोप्या, हातमोजे. दोघं एकोणीस वर्षांपूर्वी एकाच दिवशी, एकाच दारातून, एकाच वेळी नोकरीवर रुजू झाले होते. दारात आधी पाऊल कुणाचं पडलं, हा वाद तेव्हापासून चालू होता. दार दोनदा बदललं, वाद बदलला नाही.

पहिल्या छत्रीचा टॅग बाहेर पडला आणि छत्रीबाई तो हातात धरून थेट खटक्यासमोर उभ्या राहिल्या.

“हे काय आहे?”

“टॅग आहे बाई.”

“ते मला दिसतंय. यावर ‘मुख्य-२’ लिहिलंय. माझ्या छत्र्या दुय्यम आहेत का?”

“नाही हो बाई, तो नुसता क्रमांक—”

“एकोणीस वर्षं मला वाटत होतं, मी मुख्य आहे. आज कळलं, मी मुख्य-दोन आहे.”

खटक्यानं दोघांची नावं अदलाबदल केली. पेटीकाका काही बोलले नाहीत. ते नुसते बोलायचेच थांबले. दिवसभर त्यांनी लोकांना पेट्या दिल्या त्या खुणेनं, आणि तीन लोकांना वाटलं काकांचीच कवळी हरवली आहे.

मग खटक्यानं ‘मुख्य-अ’ आणि ‘मुख्य-ब’ करून पाहिलं. छत्रीबाईंनी विचारलं, अ आधी येतो की ब? मग ‘निळा’ आणि ‘पिवळा’. पेटीकाकांनी विचारलं, “पिवळा मीच का? मला कावीळ झालीय असं कोण म्हणालं?” शेवटी वैतागून त्यानं दोन्ही मशीनना ‘मुख्य’ हे एकच नाव देऊन टाकलं. आता घ्या म्हणावं.

पण एका नावाची दोन यंत्रं नेटवर्क चालू देत नाही. जे आधी सुरू होईल ते आत, दुसरं बाहेर. हे पहिल्याच दिवशी छत्रीबाईंच्या लक्षात आलं, कारण त्या पाच मिनिटं आधी आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पेटीकाका अर्धा तास आधी आले. तिसऱ्या दिवशी छत्रीबाई सात वाजता. गुरुवारी कार्यालयाच्या पहारेकऱ्यानं साहेबांकडे लेखी तक्रार केली की पहाटे साडेपाचला दोन ज्येष्ठ कर्मचारी कुलपाला धरून उभे असतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे भीती वाटते.

साहेबांनी खटक्याला बोलावलं. साहेबांचं आयुष्यातलं एकच तत्त्व होतं: आपण काही ठरवायचं नाही. जे ठरवतं ते अडकतं. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा ते शेजारचा जे खाईल ते खात.

“हे बघ खटका,” ते म्हणाले, “नावं अशी ठेव की ती कुणी ठेवलीच नाहीत.”

“म्हणजे कशी साहेब?”

“ते मी कशाला ठरवू? आणि पाच आठवड्यांनी तुझ्या कागदावर मला शेरा लिहायचाय, ना? तो लिहिताना मला शांतता लागेल. एवढंच.”

खटका घरी आला. ताई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसला आणि जन्मातली सर्वांत उपयोगी, म्हणजे त्या दिवशी तरी तशी वाटणारी, संगणकाला द्यायच्या सूचनांची स्क्रिप्ट लिहायला लागला. कल्पना साधी होती. दोन याद्या. एकीत स्वभाव, दुसरीत वस्तू किंवा प्राणी. संध्याकाळी मशीन बंद होताना त्यानं डोळे मिटून दोन्ही याद्यांतून एकेक शब्द उचलायचा, मधे आडवी रेघ मारायची, आणि सकाळी ते नाव घेऊन उठायचं. एकाच दिवशी दोघांना एक नाव येणार नाही, एवढं बघायचं. रोज नवं नाव. तक्रार करायची तर नशिबाकडे करा. नशीब कार्यालयात बसत नाही.

“ताई, पटापट स्वभाव सांग.”

“कुणाचा?”

“कुणाचाही.”

ताईनं बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. तिथे भाऊजी नमुन्याच्या गादीवर आडवे होते.

“आळशी,” ताई म्हणाली. “झोपाळू. हट्टी. विसराळू. खादाड. चिडखोर.”

“हळू, हळू. लिहू दे.”

“लाजाळू, पण फक्त माझ्या माहेरी. बावळट. मिजासखोर.”

“ताई, हे कुणाचं वर्णन चाललंय?”

“तू म्हणालास ना, कुणाचाही.”

“मला ऐकू येतंय,” बाहेरून आवाज आला.

“संशयी,” ताईनं भर घातली.

दोन शब्द आणि रेघ मिळून नाव रोमन अक्षरांत पंधराच्या वर गेलं की यंत्र ते कापतं, म्हणून ‘मिजासखोर’ला वगळावं लागलं. ताईला वाईट वाटलं. तो तिचा सर्वांत आवडता होता. वस्तूंसाठी दोघांनी स्वयंपाकघरावर नजर फिरवली: चमचा, किसणी, बरणी, बटाटा. मग प्राणी: बोका, बेडूक, कासव, बदक, खेकडा.

“आणि गादी लिही,” ताई म्हणाली. “या घरात दुसरं आहे काय?”

खटक्यानं गादी लिहिलं.

सतरा स्वभाव, एकोणीस वस्तू. तीनशे तेवीस नावं. दुसऱ्या दिवशी त्यानं स्क्रिप्ट सगळ्या अकरा मशीनवर घातली. स्वतःचं सोडणार होता, पण छत्रीबाई म्हणाल्या, “का? तू काय आकाशातून पडलास?” त्यामुळे तेही घातलं.

सोमवारी सकाळी पेटीकाका ‘विसराळू बेडूक’ होते आणि छत्रीबाई ‘चिडखोर बदक’. खटका टेबलाखाली एक केबल शोधत बसला, म्हणजे खरं तर लपला. पण काहीच झालं नाही. पेटीकाकांनी आपलं नाव वाचलं, छत्रीबाईंचं वाचलं, आणि बेडूक मोठा की बदक यावर त्यांना पटकन निर्णय घेता येईना. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की ते चष्मा घरी विसरलेत.

“बाई,” एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ते त्यांच्याशी आपणहून बोलले, “हे खरं निघतंय हो.”

“तरीच सकाळपासून माझं डोकं फिरलंय,” छत्रीबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून लोक वेळेवर यायला लागले, आणि तेही आज आपण कोण आहोत हे बघायला. खिडकी-तीनवरची मुलगी ‘खादाड बरणी’ झाली त्या दिवशी ती दोनदा जेवली आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. साहेब ‘हट्टी चमचा’ झाले त्या दिवशी त्यांनी पंखा एकवर ठेवायचा की दोनवर, हे स्वतः ठरवलं. टॅगवर नावं छापली जात होतीच. एक आजोबा काठी घेऊन जाताना म्हणाले, “त्या लाजाळू खेकड्याला माझे आभार सांगा. फार नीट सांभाळली हो.” छत्रीबाईंनी त्या दिवशी लाजाळू खेकडा म्हणून आभार स्वीकारले आणि खरंच लाजल्या.

खटका रोज कॅलेंडरवर एक दिवस खोडत होता. साहेबांना शांतता मिळाली होती. पायजमा कपाटातच होता.

तिसऱ्या शुक्रवारी मुख्यालयातून टपाल आलं. एरवी एक पाकीट येतं. त्या दिवशी दोन पोती आली.

साहेबांनी पहिलं पाकीट फोडलं. ते ‘विसराळू बेडूक’ यांचं नोकरीत स्वागत करणारं पत्र होतं. सोबत ओळखपत्र, फोटोची जागा रिकामी. दुसरं पत्रही ‘विसराळू बेडूक’ यांनाच होतं. रुजू झाल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून आपण गैरहजर आहात, खुलासा करावा. तिसरं स्वागत ‘पिवळा’ यांचं. चौथं ‘मुख्य-ब’ यांचं. साहेब पत्रं फोडत गेले आणि त्यांचा चेहरा टॅगच्या कागदासारखा होत गेला.

“खटका,” ते म्हणाले, “आपल्याकडे एकशे चौतीस नवीन कर्मचारी आहेत?”

खटक्याला एकदम काहीतरी आठवलं. आधीच्या तंत्रज्ञानं जाताना एक जाडजूड वही ठेवली होती. तिच्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: हे वाचल्याशिवाय कशालाही हात लावू नये. वही बरोबर चार बोटं जाड होती आणि खटक्याच्या संगणकाचा पडदा बरोबर चार बोटं खाली होता, त्यामुळे पहिल्या दिवसापासून ती पडद्याखाली होती. अकरा महिन्यांत त्याची मान एकदाही दुखली नव्हती. त्यानं पडदा उचलला, वही काढली, उघडली. पहिल्याच पानावर लाल शाईत होतं:

‘मशीनचं नाव म्हणजेच माणूस. मुख्यालयाचा प्रोग्राम रोज सकाळी चालू मशीनची नावं वाचतो आणि तीच हजेरी धरतो. नवं नाव दिसलं की नवा कर्मचारी. जुनं दिसलं नाही की गैरहजर. नावाला हात लावू नये. लावायचाच असेल तर आधी राजीनामा द्यावा, म्हणजे वेळ वाचतो.’

दुसऱ्या पोत्याच्या तळाशी तीन पत्रं होती. एक सन्मानपत्र होतं, जाड कागदावर, सोनेरी काठाचं: शाखेतील सर्व नवीन कर्मचाऱ्यांमध्ये सर्वाधिक, म्हणजे पाच दिवस हजर राहिल्याबद्दल श्री./श्रीमती आळशी बोका यांचा गौरव. दुसरं साहेबांना होतं: अकरा खुर्च्यांवर एवढी माणसं कशी बसतात हे पाहायला तपासनीस बाई सोमवारी येत आहेत.

तिसरं ‘तांत्रिक’ यांना होतं. म्हणजे खटक्याला. दहा कामाचे दिवस विनापरवाना गैरहजर. उमेदवार असल्यामुळे खुलासा मागवण्याची गरज नाही. आजपासून सेवा समाप्त.

“पण मी रोज इथेच होतो,” खटका म्हणाला.

“ते मला माहीत आहे,” साहेब म्हणाले. “पण मी कोण? मीसुद्धा गैरहजर आहे.”

घरी त्यानं काही सांगितलं नाही. भाऊजींनी न विचारता आपली मान हलवली आणि पायजम्याला इस्त्री करून ठेवली.

सोमवारी खटका सवयीनं कामावर गेला. सेवा संपलेल्या माणसानं कुठं जायचं असतं, हे वहीत लिहिलं नव्हतं. त्यानं मशीन चालू केलं. ते ‘झोपाळू गादी’ या नावानं उठलं. खटक्याला हा शकुन वाटला, आणि चांगला वाटला नाही.

बाहेर साहेब गोदामातले हरवलेले कोट आणून खुर्च्यांवर घालत होते. वर टोप्या.

“साहेब, हे काय?”

“मी ठरवलेलं नाही,” साहेब म्हणाले. “सुचलं फक्त. तिला लांबून माणसं वाटतील. आणि तिनं विचारलंच तर तू व्हायरस म्हण. व्हायरसवर कुणी चिडत नाही.”

तपासनीस बाई बरोबर दहा वाजता आल्या. उंच, काळा कोट, हातात फाइल. त्यांनी दारातूनच खोलीभर नजर फिरवली, एका रिकाम्या खुर्चीवर आपला कोट घातला आणि विचारलं, “ही पण नवीन भरती आहे, असं धरायचं ना?”

साहेब खिडकीबाहेर बघू लागले.

“बसा सगळे,” बाई म्हणाल्या. “म्हणजे जे बसू शकतात ते. पहिल्यांदा चांगलं काम करू. सन्मानपत्र. आळशी बोका कोण?”

एका कोटावरची टोपी घसरून पडली. खटक्याला वाटलं, संपलं.

मग पेटीकाका उभे राहिले. “मी.”

त्याच क्षणी छत्रीबाई उभ्या राहिल्या. “मी.”

“तुम्ही?” पेटीकाका वळले. “तुम्ही कधी होतात आळशी बोका?”

“तीन तारखेला आणि अकराला. टॅग आहेत माझ्याकडे.”

“मी नऊला आणि सोळाला. आणि सोळाला दिवसभर. तुम्ही अकराला अर्ध्या रजेवर होतात. अर्धा बोका.”

“अर्ध्या रजेवर असले तरी मशीन चालू होतं! तुम्ही म्हणजे चष्मा न घातलेला बोका.”

“माझ्याइतका आळशी बोका या कार्यालयात झाला नाही!”

“एकोणीस वर्षं मी तुमच्यापेक्षा जास्त आळशी आहे, फक्त बोलून दाखवलं नाही!”

“आठला मी होतो,” साहेब खिडकीकडे बघत हळूच म्हणाले. “दोन, दोन आणि एक. पाच होतात.”

तपासनीस बाईंनी फाइल मिटली. “म्हणजे बोका एक आहे आणि माणसं तीन. का माणूस एक आहे आणि नावं रोज वेगळी?”

साहेबांनी खटक्याकडे पाहिलं आणि ओठ न हलवता ‘व्हायरस’ म्हणायचा प्रयत्न केला. खटका उठला. त्याच्याकडे आता गमवायला काहीच नव्हतं, फक्त पायजमा घालायला होता.

“व्हायरस नाही,” तो म्हणाला. “मी आहे.”

आणि त्यानं सगळं सांगितलं. टॅग, मुख्य-दोन, कावीळ, पहाटे साडेपाचचं कुलूप, बटाटे, ताई. वही काढून दाखवली आणि ती कशाखाली होती तेही सांगितलं. बाईंनी लाल शाईचं पान वाचलं.

“चार बोटं?”

“बरोबर चार.”

“मान दुखायची थांबली?”

“दुखलीच नाही कधी.”

बाईंनी वही खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी डोळे चोळले. मग म्हणाल्या, “माझ्या डोक्यावर आता एकशे चौतीस कर्मचारी आहेत. प्रोग्राममध्ये एकेकाची फाइल उघडायची, नाव बंद करायचं, कारण लिहायचं. हे कोण करणार? मी? शाखेला तंत्रज्ञ आहे का?”

“शुक्रवारपर्यंत होता,” साहेब म्हणाले. “मग आपणच काढलात.”

“त्याला परत घ्या.”

“बंद झालेली फाइल उघडत नाही,” खटका म्हणाला. “वहीत तिसऱ्या पानावर आहे. आता वाचलं.”

“म्हणजे तंत्रज्ञाची जागा रिकामी आहे, आणि ती भरायची तर प्रोग्रामच्या लेखी आज या शाखेत जे हजर आहेत त्यांच्यातूनच.” बाईंनी आपला लॅपटॉप उघडला. “आज हजर... खादाड किसणी.”

“मी,” छत्रीबाई म्हणाल्या.

“बावळट बटाटा.”

“हजर,” पेटीकाका म्हणाले.

“लाजाळू खेकडा.” साहेबांनी हात अर्धा वर केला. बाई खाली वाचत गेल्या. “झोपाळू गादी कोण?”

खटक्यानं डोळे मिटले. “मी.”

“रुजू झाल्याचा दिवस, आज. एक वर्ष उमेदवारी लागते.” बाई साहेबांकडे वळल्या. “शाखाप्रमुखाला वाटलं तर ती माफ करता येते. वाटतं का तुम्हाला?”

सगळी खोली साहेबांकडे बघायला लागली. कोटसुद्धा. साहेबांनी पंख्याकडे पाहिलं, शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजारी कोट होता, त्याची काही मदत नव्हती.

“बिचारा रोज येत होता हो,” छत्रीबाई म्हणाल्या.

“माझ्याआधी,” पेटीकाका म्हणाले, “पण बाईंच्या नंतर नाही.” एकोणीस वर्षांत त्यांनी बाईंना दिलेली ही पहिलीच सूट होती, आणि तिचा अर्थ कुणालाच नीट लागला नाही.

साहेबांनी श्वास घेतला. “वाटतं,” ते म्हणाले, आणि खुर्चीत बसले, एका कोटाच्या मांडीवर.

बाईंनी तिथेच हुकूम छापला. स्क्रिप्ट त्याच दिवशी काढून टाकायची. सोमवारी ज्याला जे नाव आलं ते त्याचं कायमचं. पुन्हा कुणी नावाला हात लावायचा नाही. सन्मानपत्र दोन मुख्य टेबलांच्या बरोबर मधे टांगायचं. मध्य दोघांनी आपापल्या टेपनं मोजला.

बाई गेल्या आणि त्यांचा कोट राहिला. छत्रीबाईंनी रिवाजाप्रमाणे त्याची नोंद केली. टॅगवर ‘खादाड किसणी’ आलं.

“ऐका,” छत्रीबाई टॅग बांधता बांधता पेटीकाकांना म्हणाल्या, “किसणीखाली बटाटा येतो. बटाट्याखाली किसणी येत नाही.”

पेटीकाकांनी पेटीचं कुलूप खाली ठेवलं. “आणि बटाटाच नसला तर किसणीला विचारतं कोण?”

खटका हळूच टेबलाखाली गेला आणि केबल शोधू लागला.

संध्याकाळी त्यानं हुकूम ताईच्या हातात दिला. ताईनं वाचला, दोनदा वाचला, आणि पदराआड हसू लपवत तो बाहेर भाऊजींना नेऊन दिला. भाऊजी उठून बसले.

“‘झोपाळू गादी यांना या कार्यालयात कायम करण्यात येत आहे,’” त्यांनी मोठ्यानं वाचलं. “खाली शिक्का?”

“शिक्का आहे भाऊजी. खरा आहे.”

भाऊजींनी शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग त्यांनी कपाट उघडलं, इस्त्रीचा पायजमा काढला आणि स्वतः घातला.

“तुम्ही कुठं निघालात?” ताईनं विचारलं.

“दुकानात. माणूस नाही मिळाला तर मालकानं झोपावं लागतं.” दारात ते थांबले. “मेहुणे, या कागदाची एक प्रत मिळेल का?”

आता दुकानाच्या काचेआड भाऊजी झोपलेले असतात, तोंड भिंतीकडे करून. वर चौकटीत हुकूम लावलाय. रस्त्यानं जाणारे थांबतात, मान वर करून वाचतात, आणि आत येऊन विचारतात की कार्यालयात कायम झालेली ती गादी हीच का. खटक्याच्या वर्गातला एक जण परवा त्याला भेटला आणि म्हणाला, “अरे, तू गादीवर झोपायची नोकरी करणार असं ऐकलं होतं. काचेत दिसला नाहीस.”

“नाही,” खटका म्हणाला. “मी वर टांगलेला असतो.”